वन्य मांसाची विवर्णता

वन्य मांसाची विवर्णता : शिकार केलेल्या प्राण्याच्या अथवा पक्ष्याच्या मांसाला, चरबीला किंवा हाडांना त्यांच्या स्वाभाविक रंगाहून वेगळा रंग आलेला आढळणे, यास वन्य मांसाची विवर्णता असे म्हणतात. पाळीव जनावरांच्या मांसाची तपासणी कत्तलखान्यात पशुवैद्याकडून होते. वन्य प्राण्याच्या बाबतीत मात्र बहुधा शिकारी हाच पहिला आणि शेवटचा परीक्षक असतो. त्यामुळे रंग व वास यांवरून मांस खाण्यास योग्य की अयोग्य हे ठरविण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. हिरवट झाक, पिवळी चरबी, काळपट स्नायू, यकृतावरील पांढरे ठिपके, अंधारात दिसणारी चमक इ. विवर्णतेचे अनेक प्रकार पूर्वीपासून ज्ञात आहेत. त्यांची कारणे शरीरक्रियात्मक, सूक्ष्मजंतुजन्य, परोपजीविजन्य वा आहारजन्य असतात. एकविसाव्या शतकात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात निळ्या मांसाची व निळ्या चरबीची रानडुकरे आढळली आणि या यादीत एका नव्या कारणाची भर पडली. हा निळा रंग निसर्गातून आलेला नव्हता. तो उंदीर व खारी मारण्याच्या विषारी आमिषात माणसानेच मिसळलेला होता. रंग हा धोक्याचा कितपत विश्वसनीय निदर्शक आहे, हा जुना प्रश्न त्यामुळे पुन्हा उपस्थित झाला.

मांसाचा स्वाभाविक रंग : मांसाचा तांबडा रंग मुख्यतः मायोग्लोबिन या प्रथिनामुळे येतो. हे प्रथिन स्नायूंच्या कोशिकांत ऑक्सिजन साठवून ठेवते. त्याच्या रेणूत लोहाचा एक अणू असतो. जॉन केंड्रू यांनी स्पर्म व्हेलच्या स्नायूंतील मायोग्लोबिनाची त्रिमितीय संरचना १९५८ मध्ये प्रथम मांडली. या कार्याबद्दल त्यांना, तर हीमोग्लोबिनावरील कार्याबद्दल मॅक्स पेरुट्स यांना, १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. नुकत्याच कापलेल्या मांसाचा आतील भाग जांभळट तांबडा असतो. हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होताच तो लालभडक दिसू लागतो आणि पुढे लोहाचे ऑक्सिडीकरण झाल्यावर तपकिरी होतो. हे तिन्ही रंग स्वाभाविकच होत. रानातील प्राणी सतत धावपळ करीत असल्यामुळे त्यांच्या स्नायूंत मायोग्लोबिनाचे प्रमाण अधिक असते. शिवाय शिकारीत प्राण्याच्या शरीरातील रक्त पूर्णपणे वाहून जातेच असे नाही. म्हणून हरिण किंवा रानडुक्कर यांचे मांस पाळीव जनावरांच्या मांसापेक्षा गडद दिसते. केवळ गडदपणा हे विवर्णतेचे लक्षण मानले जात नाही.

प्राचीन निरीक्षणे : अन्नाचा बदललेला रंग आणि विष यांचा संबंध प्राचीन भारतीय ग्रंथकारांनी तपशीलवार नोंदविलेला आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात राजाच्या आत्मरक्षणाचा विचार करताना विषयुक्त अन्नाची लक्षणे दिली आहेत. त्यांत रसात निळी, दुधात तांबूस, मद्यात व पाण्यात काळी रेघ उमटते, असे सांगितले आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातही राजाचे स्वयंपाकघर आणि विषदूषित अन्नाची परीक्षा यांचे विवेचन आढळते. याच संहितेच्या सूत्रस्थानात मांसाविषयी आणखी एक नियम येतो व तो प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. वाळलेले, कुजलेले, रोगट प्राण्याचे, विषाने वा सर्पदंशाने मेलेल्या प्राण्याचे, तसेच विषलिप्त बाणाने विद्ध झालेल्या प्राण्याचे मांस अभक्ष्य समजावे, असा त्याचा आशय आहे. ज्यांनी आपल्या प्रकृतीस प्रतिकूल असा आहार घेतला असेल, त्या प्राण्यांचे मांसही तेथे वर्ज्य सांगितले आहे. पहिल्या प्रकारच्या परीक्षेत डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणावर भर आहे. दुसऱ्या प्रकारात प्राणी काय खाऊन जगला व कशाने मेला, याची चौकशी अपेक्षित आहे. या दोन परीक्षांतील फरक किती मोठा आहे, हे पुढे कॅलिफोर्नियातील प्रकरणावरून स्पष्ट झाले.

शरीरक्रियात्मक व जंतुजन्य कारणे : शिकारीत आढळणाऱ्या विवर्णतेची बहुतेक उदाहरणे सामान्य कारणांनी घडतात. मृत्यूनंतर स्नायूंतील ग्लायकोजेनापासून लॅक्टिक अम्ल तयार होते व मांसाची अम्लता वाढते. दीर्घकाळ पाठलाग झालेल्या प्राण्यात हा ग्लायकोजेनाचा साठा आधीच संपलेला असतो. अशा प्राण्याचे मांस पुरेसे अम्लीय होत नाही, ते काळपट, घट्ट व कोरडे राहते आणि लवकर नासते. जखमी होऊन निसटलेला प्राणी काही दिवसांनी मारला गेल्यास जुन्या जखमेभोवतीचे मांस हिरवट-पिवळे दिसते. साकळलेल्या रक्तातील हीमोग्लोबिनाचे विघटन होऊन प्रथम हिरवे बिलिव्हर्डिन व नंतर पिवळे बिलिरुबिन तयार होणे, हे त्याचे कारण होय. शिकारीनंतर आतडी काढण्यास उशीर झाल्यास जंतूंच्या क्रियेने हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. त्याचा मायोग्लोबिनाशी संयोग झाला म्हणजे मांस हिरवे पडते. ते खाण्यास अयोग्य असते. याउलट, कापलेल्या मांसावर क्वचित दिसणारी हिरवी-सोनेरी झळाळी स्नायुतंतूंच्या पृष्ठभागावरून प्रकाशाचे विवर्तन झाल्यामुळे येते व ती निरुपद्रवी असते. हिरव्या रंगाचे हे तीन प्रकार दिसण्यात जवळचे असले, तरी त्यांची कारणे व परिणाम अगदी भिन्न आहेत.

पिवळ्या रंगाचीही अशीच स्थिती आहे. हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीन चरबीत साठल्यास चरबी पिवळी होते. पण कंडरा व डोळ्याचा पांढरा भाग यांचा रंग बदलत नाही. काविळीत मात्र हे भागही पिवळे दिसतात. बदकांच्या छातीच्या स्नायूंत तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोश आढळतात, ते सार्कोसिस्टिस या परोपजीवी आदिजीवाचे असतात. सशाच्या यकृतावरील व प्लीहेवरील बारीक पांढरे ठिपके हे ट्यूलॅरिमिया या रोगाचे लक्षण असू शकते. हा रोग माणसालाही होतो व आजारी सशाची कातडी सोलताना त्याचा संसर्ग होण्याचा धोका असतो.

मांसाला येणारी चमक हा विवर्णतेचा सर्वांत नवलाचा प्रकार मानला जाई. पाद्वा येथील शारीरविद् फाब्रिशियस यांनी १५९२ मधील अशा एका घटनेचे वर्णन केले आहे. ईस्टरच्या सणासाठी आणलेल्या कोकराच्या मांसाचा उरलेला भाग रात्री अंधारात चमकताना दिसला होता. रॉबर्ट बॉइल यांनी १६७२ मध्ये वासराच्या चमकणाऱ्या मांसाचे निरीक्षण करून ते लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ही चमक प्रकाशमान जंतूंमुळे येते, हे १८७५ मध्ये जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक एडुआर्ट प्फ्ल्यूगर यांनी दाखवून दिले. अशा रीतीने जे पूर्वी अशुभ वा चमत्कारिक वाटे, त्याचे स्पष्टीकरण क्रमाक्रमाने मिळत गेले.

आहारातून येणारा रंग : खाल्लेला रंजक प्राण्याच्या शरीरात साठू शकतो, हा शोधही डुकराच्या मांसावरूनच लागला. लंडनमधील शस्त्रवैद्य जॉन बेल्शियर हे छापील सुती कापड तयार करणाऱ्या एका व्यावसायिकाकडे भोजनास गेले असता, तेथे वाढलेल्या डुकराच्या मांसातील हाडे त्यांना तांबडी दिसली. चौकशीअंती असे समजले, की मंजिष्ठेने रंगविलेले कापड स्वच्छ करण्यासाठी वापरलेला कोंडा त्या डुकरांना खाऊ घातला जात असे. बेल्शियर यांनी ही माहिती १७३६ मध्ये प्रसिद्ध केली आणि कोंबड्यावर प्रयोग करून तिची खातरजमा केली. मंजिष्ठेतील ॲलिझरीन हा रंजक कॅल्शियमाशी बद्ध होत असल्याने तो हाडांत साठतो. मांसावर मात्र त्याचा परिणाम दिसत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ द्युआमेल द्यू मॉन्सो यांनी १७३९ पासून प्राण्यांना आलटून पालटून मंजिष्ठायुक्त व साधे अन्न दिले. हाडांत तांबडे व पांढरे थर एकाआड एक तयार झाले आणि त्यावरून हाडांच्या वाढीचा अभ्यास करणे शक्य झाले.

रंजक कोणत्या ऊतकात जाऊन बसेल, हे त्याच्या विद्राव्यतेवर व रासायनिक आकर्षणावर अवलंबून असते, हे एकोणिसाव्या शतकात अधिक स्पष्ट झाले. इटालियन संशोधक दाद्दी यांनी १८९६ मध्ये सूदान-३ हा वसाविद्राव्य तांबडा रंजक प्राण्यांना खाऊ घालून त्यांची चरबी रंगविता येते, असे दाखविले. तेव्हापासून ऊतकवैज्ञानिक अभ्यासात वसा ओळखण्यासाठी या प्रकारच्या रंजकांचा उपयोग होऊ लागला. प्राण्याची चरबी हा त्याच्या आहाराचा एक प्रकारचा लेखा असतो, ही गोष्ट प्रयोगशाळेत सिद्ध झाली. पुढे सु. सव्वाशे वर्षांनी रानात तिचा प्रत्यय आला.

कॅलिफोर्नियातील रानडुकरे व भूखारी : डुक्कर हा अमेरिका खंडातील मूळचा प्राणी नव्हे. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत डुकरे कॅरिबियन बेटांवर नेण्यात आली. कॅलिफोर्नियात १७६९ नंतर स्पॅनिश मिशनांच्या वसाहतींबरोबर पाळीव डुकरे आली व त्यांतील काही रानात जाऊन स्वैर झाली. १९२० नंतरच्या दशकात माँटेरे परगण्यातील एका जमीनमालकाने शिकारीसाठी यूरोपीय रानडुकरे आणून सोडली. या दोहोंच्या संकरातून आजची रानडुकरे निर्माण झाली. राज्याने १९५७ मध्ये त्यांना शिकारीच्या सस्तन प्राण्यांचा दर्जा दिला. राज्यातील ५८ परगण्यांपैकी ५६ परगण्यांत त्यांचा आढळ नोंदविलेला आहे. ती सर्वभक्षी असून मुळे, धान्य, कंद, फळे, कीटक, लहान प्राणी व मेलेली जनावरे असे सर्व काही खातात. शेतीची नासधूस ती मोठ्या प्रमाणावर करतात. शिकाऱ्यांना मात्र त्यांचे मांस प्रिय असते.

याच प्रदेशात जमिनीत बिळे करून राहणारी कॅलिफोर्निया भूखार ही शेतकऱ्यांची जुनी शत्रू होय. ती धान्य व फळबागांची हानी करते आणि तिच्या बिळांमुळे कालव्यांचे बांध खचतात. १९०८ मध्ये भूखारींत प्लेगाचा नैसर्गिक संसर्ग आढळल्यावर तिच्याविरुद्धच्या मोहिमेस सार्वजनिक आरोग्याचेही कारण मिळाले. या प्लेगाचा शोध घेत असतानाच जॉर्ज मॅकॉय यांना ट्यूलेरी परगण्यातील भूखारींत १९११ मध्ये एक निराळाच रोग आढळला. वर उल्लेखिलेल्या ट्यूलॅरिमियाचे नाव त्या परगण्यावरूनच पडले. पहिल्या महायुद्धकाळात, १९१८ मध्ये, अन्नधान्याच्या रक्षणासाठी राज्यात ‘खार सप्ताह’ पाळण्यात आला व शाळकरी मुलांनाही या संहारात सहभागी करून घेण्यात आले. स्ट्रिक्नीन लावलेले जव हे त्या काळातील प्रमुख विषारी आमिष होते. पुढे १९४० नंतरच्या दशकात सोडियम फ्ल्युओरोॲसिटेट हे अतितीव्र विषही वापरात आले. ही दोन्ही विषे इतर प्राण्यांना व माणसालाही तितकीच घातक असल्याने अधिक सुरक्षित विषाची गरज भासू लागली.

रक्तक्लथनरोधक विषे : हे नवे विष गुरांच्या एका रोगातून हाती लागले. १९२० नंतरच्या दशकात कॅनडात व अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत स्वीट क्लोव्हर या वनस्पतीचा बुरसटलेला चारा खाल्लेली गुरे रक्तस्राव होऊन मरू लागली. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने खराब चारा हे या रोगाचे कारण असल्याचे दाखविले, तर ली रॉडरिक यांनी रक्त गोठण्याच्या क्रियेतील दोष स्पष्ट केला. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून प्रवास करून मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि बुरसटलेला चारा घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक यांच्याकडे आला. लिंक व त्यांचे सहकारी यांनी दीर्घ प्रयत्नांनी १९३९ मध्ये चाऱ्यातील कारक पदार्थ स्फटिकरूपात वेगळा केला. तो डायकुमारॉल होय. बुरशीच्या क्रियेने वनस्पतीतील निरुपद्रवी कुमारिनापासून तो तयार होतो.

या वर्गातील अधिक प्रभावी संयुगांचा शोध घेताना वॉर्फरिन हाती आले व १९४८ मध्ये ते मूषकनाशक म्हणून बाजारात आले. संशोधनास साहाय्य करणाऱ्या विस्कॉन्सिन ॲलम्नाय रिसर्च फाउंडेशन या संस्थेच्या नावातील आद्याक्षरांवरून त्याचे नाव तयार केले आहे. १९५४ मध्ये त्यास मानवी औषध म्हणूनही मान्यता मिळाली आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझनहॉवर यांच्यावर उपचार करताना त्याचा उपयोग करण्यात आला. डायफॅसिनोन हे इंडानडायोन वर्गातील संयुग असून तेही याच पद्धतीने कार्य करते. हेन्रिक डाम यांनी १९२९ मधील प्रयोगांतून शोधलेले के जीवनसत्त्व यकृतात रक्तक्लथनाचे घटक तयार होण्यास आवश्यक असते. वापरलेले के जीवनसत्त्व पुन्हा कार्यक्षम करणाऱ्या एंझाइमाला ही विषे निष्क्रिय करतात. शरीरातील क्लथनघटकांचा साठा संपेपर्यंत लक्षणे दिसत नाहीत आणि विष खाल्लेला प्राणी काही दिवसांनंतर अंतर्गत रक्तस्रावाने मरतो. या विलंबामुळे उंदीर आमिषाविषयी संशय घेत नाहीत, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने या विषांचा गुण ठरतो. मात्र त्याच विलंबामुळे विषयुक्त शरीराचा प्राणी मृत्यूपूर्वी अनेक दिवस हिंडत राहतो व दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य होऊ शकतो. स्कॉटलंडमध्ये १९५८ मध्ये वॉर्फरिनास न जुमानणारे उंदीर आढळल्यानंतर ब्रोडिफॅकूम यासारखी दुसऱ्या पिढीतील विषे तयार करण्यात आली. ती अधिक तीव्र असून यकृतात महिनोन्महिने टिकून राहतात.

आमिषातील रंजक : विषारी धान्य रंगविण्यामागे दोन उद्देश होते. पहिला उद्देश ते खाण्याच्या धान्यात चुकून मिसळले जाऊ नये हा होता. दुसरा उद्देश पक्ष्यांच्या रक्षणाचा होता. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेतील ई. आर. काल्मबाख यांनी १९४३ मध्ये रंगीत आमिषांविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. रंगदृष्टी तीक्ष्ण असलेले पक्षी हिरव्या वा पिवळ्या रंगाचे धान्य टाळतात, तर ज्यांची रंगदृष्टी मंद आहे असे कृंतक प्राणी ते निःशंकपणे खातात, असे त्यांना आढळले. त्यानंतर विषारी आमिषास हिरवा, निळा वा तांबडा रंग देण्याची प्रथा अनेक देशांत रूढ झाली. रंजक स्वतः विषारी नसतो. तो केवळ विषाची खूण म्हणून मिसळलेला असतो. माणूस व पक्षी यांच्यासाठी असलेली ही खूण डुकराला मात्र परावृत्त करीत नाही. डुक्कर मुख्यतः वासावर अन्न शोधते. आमिष ठेवण्याची पेटी उलटवून आतील धान्य खाण्याइतके बळही त्याच्या अंगी असते.

निळ्या मांसाची प्रकरणे : कॅलिफोर्नियात सांता क्लारा परगण्यातील मॉर्गन हिल या गावाजवळ २०१५ मध्ये मारलेल्या एका रानडुकराची चरबी गडद निळी आढळली. तपासणीत त्याने डायफॅसिनोनयुक्त आमिष खाल्ले असल्याचे निष्पन्न झाले. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने खुद्द रानडुकरांना मारण्यासाठी तयार केलेल्या वॉर्फरिनयुक्त आमिषाची नोंदणी केली. त्यात निळा रंजक मुद्दाम घातला होता. विष खाल्लेल्या डुकराची चरबी निळी व्हावी आणि शिकाऱ्याने ते मांस टाकून द्यावे, अशी त्यामागील योजना होती. टेक्सास राज्यात या आमिषास शिकाऱ्यांनी व मांसव्यावसायिकांनी तीव्र विरोध केला व ते प्रकरण न्यायालयात गेले. त्याच वर्षी उत्पादकाने त्या राज्यातील नोंदणी मागे घेतली. जे मांस लोक खातात त्या प्राण्याला विष घालावे आणि संरक्षणाचा भार एका रंगावर सोपवावा, हे विरोधकांना मान्य नव्हते.

मार्च २०२५ मध्ये माँटेरे परगण्यात सापळ्यांद्वारे रानडुकरे पकडणाऱ्या एका व्यावसायिकाला निळे स्नायू व निळी चरबी असलेली डुकरे आढळली. रंग कातडीखालील थरापुरता मर्यादित नव्हता. आतील ऊतकेही निळी झाली होती. राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाने त्यांचे नमुने तपासले. एका डुकराच्या जठरात व यकृतात डायफॅसिनोनाचा अंश मिळाला. त्यानंतर विभागाने सर्व शिकाऱ्यांना सावधगिरीची सूचना दिली. डुकरांप्रमाणेच हरिण, अस्वल व रानहंस यांच्या मांसातही असे विष असू शकते, असे तीत सांगितले होते. राज्याच्या कायद्यानुसार दुसऱ्या पिढीतील विषांच्या बहुतेक वापरास १ जानेवारी २०२१ पासून, तर डायफॅसिनोनाच्या बहुतेक वापरास १ जानेवारी २०२४ पासून बंदी घालण्यात आली होती. तथापि शेतीसाठी व काही विशिष्ट कामांसाठी प्रशिक्षित व्यक्तींना सवलत ठेवलेली होती. माँटेरे हा प्रदेश भाजीपाल्याच्या विस्तीर्ण शेतीबद्दल प्रसिद्ध आहे. तेथे शेत व रान यांच्या सीमा एकमेकींना लागून असल्यामुळे शेतातील आमिष रानातील प्राण्याच्या सहज आवाक्यात येते.

रंग व विष यांचा संबंध : निळ्या मांसाच्या या प्रकरणांतील सर्वांत गंभीर बाब रंग न दिसणाऱ्या प्राण्यांविषयीची आहे. रंजक व विष हे दोन स्वतंत्र पदार्थ असून शरीरात त्यांचे मार्गही स्वतंत्र असतात. रंजकाचे प्रमाण थोडे असल्यास ऊतके रंगत नाहीत. विष मात्र यकृतात साठून राहू शकते. सर्वच आमिषे निळी नसतात. शिवाय डुकराने आमिष न खाता आमिष खाऊन मेलेली खार खाल्ली, तरी विष त्याच्या शरीरात जाते. कॅलिफोर्नियात केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जेथे अशी विषे नुकतीच वापरली होती त्या शेतजमिनींच्या व वस्त्यांच्या आसपासच्या प्राण्यांची तपासणी करण्यात आली. १२० रानडुकरांपैकी १० म्हणजे ८·३ टक्के डुकरांत आणि १२ अस्वलांपैकी १० म्हणजे सु. ८३ टक्के अस्वलांत रक्तक्लथनरोधकांचे अंश आढळले. न्यूझीलंडमध्येही १९९० नंतरच्या दशकात रानडुकरांच्या यकृतात ब्रोडिफॅकूम सापडले होते. तेथे विष टाकलेल्या क्षेत्रातील शिकारीविषयी निर्बंध व सूचना देण्याची पद्धत आहे.

मांस शिजविल्याने ही विषे नष्ट होत नाहीत. विषयुक्त मांस खाल्लेल्या व्यक्तीवरील परिणाम मात्रेवर अवलंबून असतो. ग्लानी, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग उठणे ही संभाव्य लक्षणे होत. हृदयविकार वा अन्य कारणाने रक्तक्लथनरोधक औषधे घेणाऱ्यांना धोका अधिक असतो. के१ जीवनसत्त्व हा त्यावरील उतारा असून वेळीच वैद्यकीय उपचार झाल्यास तो गुणकारी ठरतो. यकृतात विषाचे प्रमाण सर्वाधिक असल्याने संशयास्पद क्षेत्रातील वन्य प्राण्याचे यकृत खाणे विशेष धोक्याचे समजले जाते.

भारतातील स्थिती : भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यानुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीस सर्वसाधारणपणे बंदी आहे. पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकरांच्या बाबतीत काही राज्यांतून ठराविक अटींवर अपवाद करण्यात आले आहेत. त्यामुळे निळ्या मांसाचा प्रश्न येथे त्याच स्वरूपात उद्भवत नाही. परंतु त्यामागील प्रक्रिया भारतीय शेतीसही लागू पडते. शेतात व धान्याच्या कोठारांत उंदीर-घुशींच्या नाशासाठी झिंक फॉस्फाइड व ब्रोमॅडिओलोन ही विषे वापरली जातात. यांपैकी ब्रोमॅडिओलोन हे दुसऱ्या पिढीतील रक्तक्लथनरोधक आहे. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबड, साप, मुंगूस वा कोल्हा यांचे भक्ष्य होतो. हेच प्राणी उंदरांचे नैसर्गिक नियंत्रण करीत असल्याने त्यांची हानी अखेर शेतकऱ्यालाच बाधते. मेलेले उंदीर गोळा करून पुरणे व आमिष उघड्यावर न ठेवणे, या साध्या उपायांनी ही हानी बरीच कमी करता येते.

परीक्षेचे स्वरूप : विवर्ण मांसाचा इतिहास पाहता रंगाचा अर्थ एकच नसतो, हे लक्षात येते. विवर्तनाची झळाळी निरुपद्रवी, जुन्या जखमेचा हिरवटपणा स्थानिक, कुजण्याचा हिरवेपणा घातक, तर आमिषाचा निळा रंग स्पष्ट इशारा देणारा असतो. निळ्या रंगाचे मांस खाऊ नये, ते इतर प्राण्यांच्या तोंडी लागेल असे टाकू नये व त्याची खबर संबंधित खात्यास द्यावी, असा संकेत आता रूढ झाला आहे. रंग स्वाभाविक असलेल्या मांसाच्या बाबतीत मात्र केवळ डोळ्यांवर विसंबता येत नाही. प्राणी कोणत्या परिसरात चरत होता, तेथे कोणते विष वापरले गेले होते आणि मारला जाण्यापूर्वी तो सुस्त वा आजारी दिसत होता काय, याची माहिती घ्यावी लागते. विषाने मेलेल्या व प्रतिकूल आहार घेतलेल्या प्राण्याचे मांस वर्ज्य ठरविताना सुश्रुतसंहितेने हीच चौकशी अभिप्रेत मानली होती. आज तिला यकृताच्या रासायनिक विश्लेषणाची जोड मिळाली आहे. तथापि असे विश्लेषण प्रयोगशाळेतच होऊ शकते. म्हणून विषाच्या वापरावर मूळ ठिकाणीच नियंत्रण ठेवणे, हाच या प्रश्नावरील अधिक खात्रीचा उपाय मानला जातो.